उजनीसाठी पहिली होडी: नवी पत्र्याची घेऊ की जुनी फायबरची?

भीमाकाठचा
राम राम मंडळी. करमाळा तालुक्यात अगदी बॅकवॉटरला लागून गाव आहे. सहा वर्षं चुलत्याच्या होडीवर जातोय. आमच्याकडं वाटे असे पडतात: होडीचा एक, जाळ्यांचा एक आणि दोन माणसांचे दोन. होडी त्यांची, जाळी त्यांची, म्हणजे चारातले तीन वाटे त्यांचे, एक माझा. तक्रार नाही, त्यांनीच शिकवलंय. पण आता लग्न झालंय आणि एका वाट्यात भागत नाही.

सत्तर हजार जमवलेत. दोन पर्याय पाहून आलो.

१) जुनी फायबरची होडी, १८ फुटी, मागं ८ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. मालक ६८ हजार म्हणतोय. रंग नवाकोरा.
२) नवी पत्र्याची, १४ फूट लांब, ३ फूट रुंद. वेल्डरनं २८ हजार सांगितलेत. इंजिन नाही, वल्हीच.

काम म्हणाल तर तंगूस (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी. चिलापी जास्त, नशीब असलं तर कटला, रोहू, कधी मरळ. दोघं माणसं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पर्यटक येतात, त्यांनाही फिरवायचा विचार आहे, म्हणून मोठी होडी डोक्यात बसलीय. मित्र म्हणतात, इंजिन फुकट पडतंय, सोडू नको. काय करू?

वल्हेकरी आण्णा
पत्रा का फायबर ते नंतर बघू. आधी हे सांग, मे महिन्यात तुझ्या गावापासनं पाणी किती लांब जातं?

भीमाकाठचा
आण्णा, वर्षावर आहे. २०२४ ला धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात खोल उतरलं, तेव्हा पाऊण किलोमीटर गाळ तुडवत जावं लागायचं. एरवी दोन-तीनशे पावलं.

वल्हेकरी आण्णा
मग? १८ फुटी फायबर, वर इंजिन, टाकी. ती गाळातनं कोण वढणार? तू आणि तुझा जोडीदार? रोज? पाणी उतरत जातं तशी होडी रोज खाली सरकवावी लागती. एक दिवस आळस केला की दुसऱ्या दिवशी ती चिखलात रुतून बसलेली असती, आणि दुपारच्या उन्हात भोवतीचा गाळ असा धरतो की सहा माणसं लागत्यात. माझ्या थोरल्या भावाची अशीच एक होडी पावसाळा येईस्तोवर तिथंच बसली. पाणी चढलं तवा आपोआप तरंगली, पण तोवर हंगाम गेला.

दुसरं. मालक होडी सकाळी दाखवणार. सकाळी पाणी आरशासारखं असतं, त्यात परात बी चालती. तू दुपारी चारला जा. उन्हाळ्यात वारं सुटलं की उजनीची लाट कशी येती तुला ठावं हाय. तवा होडी नाळ, म्हंजी पुढचं टोक, वर करती का पाणी आत घेती, ते बघ.

गळवाला पुणेकर
मी पवना आणि मुळशीला छंद म्हणून गळ टाकतो. माझ्याकडे पीव्हीसीची हवा भरायची बोट आहे. गाडीच्या डिकीत मावते, दोघं आरामात बसतात. पहिली बोट म्हणून असलं काही का नाही बघत? वजन ३० किलोसुद्धा नाही, गाळात ओढायचा प्रश्नच मिटला.

वल्हेकरी आण्णा
पुणेकर, उजनीत बुडालेल्या बाभळी अजून पाण्याखाली उभ्या हायेत. तुमचा फुगा घेऊन या एकदा. येताना पोहायचं शिकून या.

गळवाला पुणेकर
😄 मान्य. आमच्या तलावात काटे नाहीत. शिवाय मी दिवसाला दोन मासे पकडतो आणि एक सोडून देतो, तुमचं पोट त्यावर आहे.

फायबर दुरुस्तीवाला
वीस वर्षं फायबरच्या होड्या आणि टाक्या करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. जुनी फायबर होडी वाईट नसते, पण नवा रंग मारलेली जुनी होडी बघितली की मी आधी खिशातून नाणं काढतो.

नाण्यानं पूर्ण तळ ठोकत जा, वितीवितीवर. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो. जिथं थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय तिथं 'थप्प' असा मेलेला आवाज येतो. तिथं खडूनं खूण कर. तळाच्या मधल्या रेषेत आणि कोपऱ्यांत दोन-तीन खुणा निघाल्या तर दुरुस्ती होते. तळभर निघाल्या तर घरी ये.

मग इंजिन लावतात ती मागची फळी. बहुतेक जुन्या होड्यांत तिच्या आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरतं आणि प्लाय आतून कुजतं, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतं. इंजिन वर उचलून दोन्ही हातांनी मागेपुढे हलव. फळी श्वास घेतल्यासारखी हलली तर सौदा तिथंच थांबव. ती बदलायला होडीचा मागचा भाग कापावा लागतो.

तिसरं म्हणजे बसायच्या फळ्यांखालचे बंद कप्पे. त्यात बहुधा थर्माकोल भरलेला असतो, होडी उलटली तर तरंगावी म्हणून. झाकण उघडायला लाव. पेट्रोल थर्माकोलला विरघळवतं. टाकी वर्षानुवर्षं गळत असेल तर कप्प्यात थर्माकोलऐवजी चिकट गोळा सापडेल. म्हणजे ती होडी भरली की दगडासारखी खाली जाणार.

आणि एक विनंती. भेग दिसली की त्यात एम-सील चोपडणारे खूप आहेत. फायबरची भेग घासून, दोन्ही बाजूंनी वीतभर उतार काढून, ४५० ची मॅट (काचतंतूंचं कापड) रेझिनमध्ये बसवूनच भरते. एम-सीलचा तुकडा पुढच्या उन्हाळ्यात हातात येतो.

वैनगंगेचा
आमच्या भंडाऱ्याकडं गोसीखुर्दच्या पाण्यात अजून डोंगाच चालतो भाऊ. लाकडाचा, डांबर फासलेला. इंजिन लावलं होतं आमच्या एकानं, पण जलपर्णी अशी की दर शंभर हातावर पंखा साफ करत बसा. शेवटी काढून ठेवलं. तुमच्याकडं जलपर्णी किती आहे ते पाहून घ्या.

भीमाकाठचा
आहे हो, दादा. पुण्याकडून पाण्याबरोबर वाहत येते, वाऱ्यानं एका काठाला जमा होते. त्याहून वाईट म्हणजे शेतकऱ्यांच्या मोटारी. पाणी उतरलं की मोटारी पुढं पुढं सरकवतात, केबल आणि पाइप पाण्यात तसेच. पंखा त्यात अडकला तर पंखाही जातो आणि शेतकऱ्याशी भांडण वेगळं.

लोहार-वेल्डर
पत्र्याच्या होडीबद्दल मी सांगतो. आधी वेल्डरला गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, विचार. गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. २८ हजारांत तो २० गेज घालत असेल तर ती होडी नव्हे, डबा. दोन हंगामांत तळाला चाळण होईल. तळाला १६ गेज घे, म्हणजे १.६ मिलिमीटर. चौरस मीटरला साडेबारा किलो भरतो. बाजूंना १८ गेज चालेल. वरच्या काठाला पाइप फिरवून घे, नाहीतर जाळं ओढताना कडा हात कापते आणि होडी मुरडते.

तीन फूट रुंदी मला अजिबात पटलेली नाही. चार फूट कर. पत्रा थोडाच जास्त लागतो, पण एका कडेला वाकून जाळं उचलताना फरक कळेल. पुढची नाळ उचललेली हवी, तळ सपाट, म्हणजे गाळावरून घसरते.

रंग लावायच्या आधी गळती तपास. वेल्डिंगच्या रेषेवर बाहेरून कालवलेला चुना फास, वाळू दे. आतून त्याच रेषेवर रॉकेल, नाही मिळालं तर डिझेल फिरव. अर्ध्या तासात चुन्यावर ओला डाग उमटला तर तिथं सुईएवढं भोक आहे. पाण्याला न सापडणारी भोकं रॉकेलला सापडतात. मग रेड ऑक्साइड आणि तळाला डांबर.

मिशिगनकर
मूळचा बार्शीचा, आता मिशिगनमध्ये. इथे १४ फुटी ॲल्युमिनियमची सपाट तळाची बोट आहे माझ्याकडे. इथे छोट्या मोटरबोटींवर कंपनीनेच एक पट्टी लावलेली असते: किती माणसं, किती वजन, किती ताकदीचं इंजिन. पट्टी नसेल तर ढोबळ हिशेब असा करतात: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५.

तुझी १४ बाय ३ ची होडी धरली तर ४२ भागिले १५, म्हणजे दोन माणसं. रुंदी ४ केली तर तीन पूर्ण. १८ फुटी फायबर साडेचार फूट रुंद धरली तरी पाच. आणि हा आकडा पाणी शांत असतानाचा आहे, जाळी आणि मासळीचं वजन माणसांत धरायचं. पर्यटकांच्या फोटोंत एकेका होडीत आठ-आठ, दहा-दहा डोकी दिसतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

कुंभारगावचा पाहुणा
बॅटरीवरची मोटर का नाही घेत? आवाज नाही, पेट्रोल नाही, पक्षीही उडत नाहीत.

मिशिगनकर
माझ्याकडे आहे, ५५ पौंड थ्रस्टची. पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर खाते. १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दोन तास, पण साधी लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे तासभर. वाऱ्याविरुद्ध परत यायचं असेल तर तो तास कधी संपला कळतही नाही. तळ्यात ठीक, उजनीत मला धीर होणार नाही.

पूर्वी करमाळा, आता चिंचवड
पर्यटकांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. २१ मे २०२४. कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. माझं आजोळ त्याच भागात. तीन दिवस सगळा गाव पाण्याकडे बघत बसला होता. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी लाइफ जॅकेट न घालता होडीत पाय ठेवत नाही.

मासेमारीची होडी ती मासेमारीची. त्यात पैसे घेऊन माणसं बसवायची म्हणजे वेगळी जबाबदारी. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, यांत्रिक होडीला तपासणी आणि नोंदणी लागते. 'सगळेच नेतात' हे पंचनाम्यात कुणी लिहून घेत नाही.

भीमाकाठचा
दादा, त्या दिवशी आम्ही पाण्यावर होतो. वारं यायच्या आधी चुलत्यांनी पश्चिमेकडं बघितलं आणि जाळं अर्धं सोडून परत फिरवलं. मी कुरकुर केली होती. पर्यटकांचं सध्या बाजूला ठेवतो.

मत्स्यशास्त्र २०१८
थोडं कागदांचं. मासेमारीचा परवाना तुझ्या नावावर आहे का? नसेल तर आधी मच्छीमार संस्थेत जाऊन तो बघ, होडी नंतर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत साहाय्य असतं. होडी-जाळ्यांचा कोणता घटक सध्या सुरू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचार, आणि मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत बिल करू नकोस. त्याच योजनेतला सामूहिक अपघात विमा मात्र सोडू नको: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख. संस्थेतून नाव जातं.

भीमाकाठचा
मंडळी, काल फायबर होडी बघून आलो. आण्णांनी सांगितल्याप्रमाणं दुपारी चारला गेलो. मालक म्हणाला, "सकाळी या की, आता वारं आहे." म्हटलं, वाऱ्यासाठीच आलोय.

रुपयाचं नाणं घेऊन तळाखाली आडवा झालो. पुढची बाजू टणटण, मस्त. मधे आलो आणि थप्प. वीतभर पुढं परत थप्प. खडूच्या खुणा मोजल्या, अकरा. मालक वरून म्हणतोय, "नाण्यानं काय होडी कळती व्हय?" इंजिन उचलून हलवलं तर फळी आणि होडीच्या सांध्यात नव्या रंगाला केसासारखी चीर पडली, माझ्या डोळ्यांसमोर. कप्पा उघडायला तो तयारच होईना. शेवटी त्याच्याच पोरानं पान्यानं उघडला. आत पिवळसर चिकट खळ आणि पेट्रोलचा भपकारा. थर्माकोल नावाला नाही.

आता तो ५० ला द्यायला तयार आहे. खरं सांगतो, मन अजून होतंय. इंजिन एका दोरीत चालू झालं.

फायबर दुरुस्तीवाला
अकरा खुणा, कुजलेली फळी, रिकामे कप्पे. नीट करायचं तर तीस हजारांच्या खाली कुणी हात लावणार नाही, आणि लावला तर तो एम-सीलवाला असेल.

वल्हेकरी आण्णा
मन इंजिनावर गेलंय तुझं, होडीवर न्हाय. इंजिन पायजे आसंल तर इंजिन घे, होडी त्याला ऱ्हाऊ दे.

आणि सहा वर्षं तू वल्ही मारतोस. तुझी जाळी काठापासनं किती लांब असत्यात? पाऊण तास? मग पहिल्या वर्षी इंजिन कशाला? पैसं जाळ्यात घाल. मासा जाळ्यात घावतो, इंजिनात न्हाय.

लोहार-वेल्डर
पत्र्याची करशील तर एक गोष्ट विसरू नको. लाकूड स्वतः तरंगतं, पत्रा नाही. होडी भरली की ती सरळ तळाला. म्हणून फळ्यांखाली रिकामे, घट्ट बुचाचे वीस लिटरचे कॅन बांध. हिशेब देतो: १४ बाय ४ ची होडी काठाच्या पाइपासकट १३० ते १३५ किलो. पोलाद पाण्यात आठवा हिस्सा हलकं होतं, म्हणजे उचलायला साधारण ११७ किलो. एक कॅन स्वतःचं वजन वजा जाता १९ किलो उचलतो. सात कॅनांत होडी कशीबशी तरंगेल, आठात काठ धरून लटकता येईल, दहा लावलेस तर चांगलं. थर्माकोल नको, पुढंमागं इंजिन घेशीलच.

मिशिगनकर
हिशेब बरोबर. अजून एक: तेवढ्या आकाराची होडी साधारण शंभर किलोला एक इंच बुडते. होडी, दोन माणसं, ओली जाळी आणि मासळी मिळून सव्वाचारशे किलो धरले तर चार-सव्वाचार इंच. १८ इंच उंची असेल तर पावणेचौदा इंच काठ वर राहतो. तीन फूट रुंदीत यातला इंचभर सहज गेला असता.

गळवाला पुणेकर
हा धागा वाचून मी काल माझ्या बोटीचा व्हॉल्व्ह तपासला. गळतोय. धन्यवाद म्हणू की काय म्हणू.

भीमाकाठचा
दोन महिन्यांनी येतोय, माफ करा. अनुदानाचा अर्ज केला होता, पण हंगाम निघून चालला होता, थांबलो नाही. मत्स्यशास्त्रवाले दादा रागावतील. विम्यात नाव मात्र घातलंय.

होडी केली. पत्र्याची, १४ बाय ४, तळ १६ गेज, बाजू १८. सगळं धरून ३६ हजार. वेल्डर आधी रॉकेलच्या चाचणीवर हसला. चुना मी स्वतः फासला. रॉकेल कुठं मिळेना, डिझेल वापरलं. बाकी रेषा कोरड्या, पण मागच्या डाव्या कोपऱ्यात दोन डाग उमटले, बाजरीच्या दाण्याएवढे. मग हसायचा थांबला आणि मुकाट्यानं परत वेल्डिंग मारलं.

पाण्यात सोडली त्या दिवशी नारळ फोडला आणि लगेच, लोकांच्या देखत, कमरेएवढ्या पाण्यात होडी बादल्यांनी भरली. आई काठावरून ओरडत होती की पहिल्याच दिवशी कुणी होडी बुडवतं का. दहा कॅन बांधले होते, पण सहा पुढच्या फळीखाली आणि चार मागं, कारण मागं जागा कमी वाटली. भरल्यावर नाळ वर आणि मागची बाजू पार पाण्याखाली. उपसली, कॅन पाच-पाच केले, परत भरली. या वेळी सपाट तरंगली, काठ पाण्याच्या बरोबरीला. आम्ही दोघं काठ धरून लटकलो, खाली गेली नाही. तेव्हा आई घरी गेली.

उरलेल्या पैशांत दोन लाइफ जॅकेटं आणि बाकीची जाळी. काही चार बोटं आसाची (आस म्हणजे जाळ्याचं भोक) आणि मोठ्या आसाची कटल्यासाठी. वडाप (अगदी बारीक आसाचं जाळं) घेतलं नाही, बारीक पिल्लं उपसून पुढच्या वर्षी काय खायचं.

पहिल्या दिवशी बावीस किलो चिलापी आणि एक वाम. वाम होडीत सुटली आणि जोडीदारानं तिला पकडताना वल्हंच पाण्यात घालवलं. हातानं वल्हवत जाऊन आणलं.

वल्हेकरी आण्णा
तिसरं वल्हं ठेवत जा होडीत. हे सांगायचं राहिलंच बघ.

पूर्वी करमाळा, आता चिंचवड
जॅकेटं अंगात घालता ना? की वर बसता?

भीमाकाठचा
घालतो दादा. उन्हात जीव जातो, पण घालतो.

वैनगंगेचा
अभिनंदन भाऊ. जोडीदार कोण धरला?

भीमाकाठचा
चुलत्यांचा धाकटा पोरगा. अठरा पूर्ण झालीत त्याला.

वल्हेकरी आण्णा
आणि वाटं किती पाडता?

भीमाकाठचा
चारच, आण्णा.